महाडचा दावा आणि संसदेचा रस्ता



१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी एका अपिलाचा निकाल दिला. अपील करणारे होते महाडचे नरहरी दामोदर वैद्य आणि त्यांचे सहकारी. समोर पहिले नाव होते भीमराव रामजी आंबेडकर. वाद चवदार तळ्याच्या पाण्याचा होता आणि तो दहा वर्षे चालला होता. त्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, हेच प्रतिवादी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. दहा वर्षांपूर्वी ते कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद होते. आता ते पक्षाचे पुढारी म्हणून, मते मागून आत आले होते.

महाडचा सत्याग्रह आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २० मार्चला दरवर्षी लाखो माणसे तिथे जातात. त्या सत्याग्रहाच्या मागोमाग दिवाणी कोर्टात जो दावा पडला, त्याच्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. आयुष्यभर दिवाणी कोर्टात उभा राहिलेला माणूस म्हणून आज मला त्या दाव्याबद्दल बोलायचे आहे. नागरी हक्कांसाठी लढणारा वकील राष्ट्रीय राजकारणात का जातो, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर मला दुसऱ्या कुठल्या कागदपत्रांत सापडलेले नाही.

आपल्याकडे वकील राजकारणात येणे नवे नव्हते. फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू, जिना, जयकर ही सगळी बॅरिस्टर-वकील मंडळी. त्यांचा जम आधी कोर्टात बसला, पैसा आला, नाव झाले आणि मग सार्वजनिक जीवन आले. बाबासाहेबांची वाट अशी नव्हती. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आल्यावर सनद घ्यायला हातात पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली आणि १९२३ साली वकिली सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरला काम सॉलिसिटर देणार, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ब्रीफ पाठवायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग राहिली अपिले आणि मुफस्सलातली कामे. बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवावे लागले. कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांच्या पदव्या असलेल्या माणसाची ही स्थिती होती. बुद्धीला वाव मिळाला की जात मागे पडते असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही वर्षे वाचायला सांगतो.

परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत पक्षकार यायचे ते गिरणगावातले, कोकणातले, देशावरचे गरीब लोक. मोठ्या फीची कामे नव्हती, पण कुणाच्या बाजूने उभे राहायचे याची निवड होती. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी अडचणीत आले, तेव्हा अपिलात बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि अपील जिंकले. पुढे र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू घ्यायला कुणी सहज तयार होईना, तेव्हाही हेच वकील उभे राहिले. तो खटला हरले. लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिण्याचा हक्क त्या काळात कुणाच्याच यादीत नव्हता, तरीही त्यांनी तो आपला मानला. हक्क म्हटला की तो आपल्या पक्षकाराच्या जातीपुरता नसतो, ही त्यांची समज तेव्हापासूनची आहे.

आता महाड.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला आणि सरकारने तसे हुकूमही काढले. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिचे अध्यक्ष. कागदावर सगळे ठीक झाले आणि तळ्याकडे कुणी फिरकू शकले नाही. मार्च १९२७ मध्ये परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेबांसह हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर देवळात शिरणार असल्याची अफवा, लाठ्याकाठ्यांचा हल्ला, तळ्याचे शुद्धीकरण, हे तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

ठराव मागे घेतला, हे वकिलाच्या डोक्यात पक्के बसले असणार. नगरपालिकेने दिलेला हक्क नगरपालिका काढून घेऊ शकते. सभागृहात चार हात वर झाले की हक्क आला, चार हात खाली गेले की गेला. असल्या हक्कावर आयुष्य उभे करता येत नाही.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तो होणार हे दिसताच १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला. २५ तारखेला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली आणि सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली. लोक मार खायला, तुरुंगात जायला तयार होऊन आले होते. कलेक्टर परिषदेत येऊन बोलून गेले. हातात कोर्टाचा हुकूम, समोर पेटलेला जनसमुदाय, आणि निर्णय घ्यायचा तो एका वकिलाने. बाबासाहेबांनी लोकांना थांबवले. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. माझे मत स्पष्ट आहे: तो बरोबर होता. हल्लेखोरांशी लढताना लोक सरकारशीही लढले असते, तर कोर्टात न्याय मागणारा पक्ष कायदा मोडणारा ठरला असता. शिवाय ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी चढू दिली नाही, त्यांनी कोर्टाचा हुकूम पाळून मग तोच रद्द करून घेणे यात वेगळे बळ होते. आणि तसेच झाले. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाईहुकूम उठला. मूळ दावा मात्र चालू राहिला.

वाद्यांचे म्हणणे असे: हे तळे केवळ स्पृश्यांच्या वापराचे आहे, अनादिकाळापासून तशी वहिवाट आहे, म्हणून अस्पृश्यांना कायमची मनाई करा. आपल्या कायद्यात रूढीला कायद्याचे बळ असे. ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी आहे हे सिद्ध केले की कोर्ट ती मान्य करी. याचा अर्थ काय होता हे पाहायचे तर कामुदीचे उदाहरण पुरे. मद्रास इलाख्यातल्या त्या गावी नाडार लोक देवळात गेले म्हणून दावा झाला आणि १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने रूढीच्या आधारे त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने बहिष्काराला कायद्याचा शिक्का दिला होता. महाडच्या वाद्यांच्या हातात हाच निवाडा होता.

महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ ला दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे आहे; स्पृश्यच पाणी भरत आले म्हणून त्यांना इतरांना अडवण्याचा हक्क मिळत नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. अपील ठाण्याला गेले. तिथे ३० जानेवारी १९३३ ला सहायक न्यायाधीशांनीही वाद्यांना नकार दिला, कारण ही रूढी अनादिकाळची असल्याचा पुरावा नाही. मग उच्च न्यायालय.

न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा देणारे न्यायाधीश. त्यांनी तळ्याचे वर्णन बारकाईने केले आहे. चार ते पाच एकरांचे तळे, चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची घरे, थोडी मुसलमानांचीही. काठावर घरमालकांचे घाट आणि बांधलेल्या कडा. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही. तळे किमान अडीचशे वर्षांचे, पण कुणी खोदले की पावसाळी ओढ्याच्या खोलगटाचे वाढवून झाले हे सांगता येत नाही. पाणी येते ते झऱ्यांचे आणि पावसाचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तरी मालकी सरकारची, आणि १८६९ च्या सुमारास ते नगरपालिकेकडे आले.

इतके सगळे पाहून न्यायालयाने म्हटले की देवळाच्या रूढीचे गृहीत या तळ्याला लावता येत नाही. इंग्रजी अमलाच्या पूर्वीपासून हे तळे केवळ स्पृश्यांसाठी राखून ठेवले होते असे मानायला पुरावा नाही. रूढी अनादिकाळची सिद्ध झाली नाही, म्हणून अपील फेटाळले. बाबासाहेब जिंकले.

पण निकालाचा शेवट वाचा. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, हे पाहावे लागले असते. नगरपालिकेने मनात आणले तरी तिला तळे अस्पृश्यांना खुले करता आले असते काय, हाही प्रश्न विचारात घ्यावा लागला असता. पण मुख्य मुद्द्यावरच अपील पडत असल्याने त्यात शिरायचे कारण नाही, असे न्यायालय म्हणते. म्हणजे माणसाने माणसाला पाणी नाकारणे अन्यायाचे आहे की नाही, याचे उत्तर उच्च न्यायालयाने दिलेच नाही. ते द्यायची गरज पडली नाही. वाद्यांना शंभर वर्षांपूर्वीची एखादी सनद, एखादा पेशवेकालीन कागद सापडला असता तर? याच कायद्याखाली निकाल उलटा लागू शकला असता. दहा वर्षे, तीन कोर्टे आणि एवढे करून मिळालेला हक्क पुराव्याच्या एका उणिवेवर उभा होता.

चांगला वकील असा निकाल जिंकल्यावर पेढे वाटतो. अधिक चांगला वकील तो वाचून अस्वस्थ होतो. बाबासाहेब तर निकालाची वाट पाहात थांबलेच नव्हते. दावा महाडला पडून असतानाच १९३० च्या अखेरीस ते लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत पोहोचले होते. तिथे रावबहादूर श्रीनिवासन यांच्याबरोबर त्यांनी अल्पसंख्याक समितीला जे निवेदन दिले, त्यातली पहिली अट समान नागरिकत्वाची. दुसरी अट त्या नागरिकत्वाचा उपभोग निर्वेधपणे घेता येण्याची, आणि तिथे त्यांनी गुन्ह्याची कलमेच लिहून दिली. खानावळी, शाळा, रस्ते, पायवाटा, तळी, विहिरी, पाणवठे, वाहने यांचा वापर कुणाला नाकारणाऱ्याला तुरुंग आणि दंड. या कलमासाठी त्यांनी आधार घेतला अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांचा.

हे निवेदन राजकारण्याने लिहिलेले वाटतच नाही. ते दाव्यातल्या प्रार्थनेच्या परिच्छेदासारखे आहे: नेमके काय हवे, कुणाविरुद्ध हवे, आणि न मिळाल्यास दंड काय. अमेरिकेचा १८७५ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ सालीच रद्द केला होता. चौदावी घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला बांधत नाही, असे कारण देऊन. मेलेला तो कायदा बाबासाहेबांनी भारतासाठी पुन्हा उभा केला. महाडात तळ्यावर अडवणारे सरकार नव्हते, शेजारी होते. शेजाऱ्याला न बांधणारा हक्क त्यांच्या लोकांच्या काय कामाचा?

निवेदनात तिसरी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसे कुणी पाहात नाही: सामाजिक बहिष्कार. अस्पृश्याने हक्क बजावला की गावाची शिक्षा ठरलेली. दुकानदार माल देत नाही, शेतावर काम मिळत नाही, वाट बंद, गिरणी बंद. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीत, जिचे बाबासाहेब स्वतः सभासद होते, हीच भीती नोंदवली गेली होती. म्हणून त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या धर्तीवर बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा करा अशी मागणी केली. तळ्यावर पाणी प्यायल्यानंतर घरी परतून काय होते, हे महाडने त्यांना शिकवले होते.

पुढचा इतिहास मी वेगाने ओलांडतो, तो सर्वांना माहीत आहे. पुणे करार झाला. १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्कांचे प्रकरण आलेच नाही. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४६ साली मुंबईतून घटना समितीत जाण्याचा रस्ता बंद झाला, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या सभासदांनी त्यांना निवडून दिले. फाळणीने ती जागा धोक्यात आली, तेव्हा बॅरिस्टर जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर काँग्रेसनेच त्यांना निवडून आणले. ज्यांच्याशी वीस वर्षे भांडले, त्यांच्याच मतांवर. ऑगस्ट १९४७ मध्ये ते कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष होते.

आता संविधानाचा पंधरावा अनुच्छेद काढा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा आहेत, आणि त्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी वाहिलेल्या असाव्यात अशी अट आहे. १९२३ च्या बोले ठरावाचीच ही रेषा. मात्र आता ती कुठल्या नगरपालिकेला मागे घेता येणार नाही. हे सगळे एकट्याने लिहिले असे मी म्हणणार नाही. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत मुन्शी होते, अल्लादी कृष्णस्वामी होते, इतरही होते. पण विहीर आणि तलाव ही कलमे सभागृहात आली तेव्हा त्यांच्यामागे काय आहे, हे स्वतः प्रतिवादी म्हणून भोगलेला एकच माणूस तिथे उत्तर द्यायला उभा होता. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत दुकान या शब्दात काय काय येते असे सभासदांनी विचारले, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ जितका रुंद करता येईल तितका केला: जो कुणी येणाऱ्याला आपली सेवा द्यायला बसला आहे, ते सगळे दुकान.

त्याहून महत्त्वाचा मला तेरावा अनुच्छेद वाटतो. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरतील असे तो सांगतो, आणि कायदा म्हणजे काय याच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेली रूढी आणि वहिवाटही घालतो. वहिवाट अडीचशे वर्षांची असो की अडीच हजार वर्षांची, हक्काच्या आड आली की ती गेली. महाडच्या दाव्यात ब्रूमफील्डसाहेबांनी ज्या प्रश्नात शिरायचे टाळले, त्याचे उत्तर आता खालच्यातल्या खालच्या कोर्टाला बांधून ठेवते. पुरावा शोधण्याची गरजच उरली नाही. हे काम कोर्टात होण्यासारखे नव्हते. त्यासाठी घटना समितीत जावे लागले.

संविधान आले म्हणून वकिली संपली नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले आणि राज्यसभेत गेले. तिथे १९५४ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्यातल्या उणिवा एकेक करून दाखवल्या. या कायद्याला नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा म्हणावे असेही सुचवले. ते त्या वेळी झाले नाही. १९५५ चा कायदा जसा झाला तसा झाला, आणि त्यात एक तरतूद अशी होती की न्यायालयाच्या परवानगीने गुन्ह्यात तडजोड करता येईल. १९७६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि तडजोडीची मुभाही गेली.

तालुक्याच्या कोर्टात तडजोड कशी होते ते मी पाहिले आहे. फिर्यादी एकटा येतो, सोबत गावातले दोन-तीन जाणते. बाहेरच्या बाकावर बसून त्याला समजावतात: गावातच राहायचंय ना तुला, पोरांचं बघ, कशाला वाढवतोस. अर्ध्या तासात तो आत येऊन सांगतो, साहेब, आमचं मिटलं. न्यायाधीश विचारतात, दबाव तर नाही ना? तो जाणत्यांकडे बघतो आणि नाही म्हणतो. खटला संपतो. ज्या बहिष्काराची तक्रार घेऊन तो आला, त्याच बहिष्काराची भीती ती तक्रार मागे घ्यायला लावते.

म्हणून महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याबद्दल मला येथे बोलले पाहिजे. १९३० साली लंडनमध्ये मागितलेली गोष्ट आपल्या राज्याने कायद्यात आणली, याचा मला अभिमान आहे. रायगड जिल्ह्यातून, म्हणजे महाडच्याच मुलखातून, गावकीच्या बहिष्काराच्या इतक्या तक्रारी येत होत्या की तो कायदा करणे भाग होते. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, आणि खटला वेगाने चालवण्याची तरतूद, हे सगळे त्यात आहे. आणि त्याच कायद्यात, पीडिताच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येईल, आरोपीने समाजसेवा करावी अशी अट घालता येईल, असेही कलम आहे.

१९७६ मध्ये संसदेने जे दार बंद केले, ते आपण २०१६ मध्ये दुसऱ्या बाजूने उघडले. हेतू चांगला असेल. गावात पुन्हा सलोखा व्हावा असे कुणाला वाटत नाही? पण बहिष्कार ज्याच्यावर पडला आहे, त्याची संमती मोकळी असते असे मानायला माझ्या अनुभवात काही आधार नाही. हे कलम काढून टाकावे, आणि तोवर निदान तडजोडीच्या अर्जावर न्यायाधीशांनी फिर्यादीला गावातल्या कुणाच्याही गैरहजेरीत, आपल्या दालनात, त्याच्या वकिलासमोर विचारावे, एवढी मागणी इथे बसलेल्या वकील मित्रांनी आपापल्या बार असोसिएशनच्या ठरावाने सरकारकडे पाठवावी. ठरावाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना हवा त्यांनी तो घेऊन जावा.